फुसकीचं नाव काढायचं नाही

"फिरली! फिरली! अरे मागच्यांनो, ढकलू नका, आरसा फुटेल!"

सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी ज्या खुर्च्यांवर माणसं मान मागे टाकून डुलक्या काढत, त्या खुर्च्यांच्या दांड्यांवर पोरं चढून बसली होती. दारात गर्दी, पायरीवर गर्दी, फुटपाथवर टाचा उंचावून उभी गर्दी. एका गृहस्थांची अर्धी दाढी झालेली. उरलेल्या गालावर साबण वाळून त्याचे पापुद्रे सुटत होते. पण वस्तरा हातात धरलेले सलूनवाले काका आणि साबण वाळवत बसलेले गृहस्थ, दोघेही तोंड उघडं टाकून भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत होते.

टीव्हीवर एक पेटी फिरत होती.

मोबाइलवरचा फुटबॉलचा खेळ होता तो. त्यात आपला संघ आपण बांधायचा, आणि खेळाडू मिळतात ते पेट्यांतून. पेटी आधी विकत घ्यायची, मग फोडायची. आत कोण बसलाय हे फोडल्याशिवाय कळत नाही. बहुतेक पेट्यांतून निघतो राखाडी रंगाचा, बाकावर बसवायच्या लायकीचा खेळाडू. अशा पेटीला पोरं 'फुसकी' म्हणत. पण कधीतरी, क्वचित कुणाच्या तरी पेटीतून निघतो तो सोनेरी. तो निघाला की फोन थरथरतो, पडद्यावर उजेडाचा पाऊस पडतो, आणि फोडणारा रस्त्यात नाचतो.

मधल्या खुर्चीत, गुडघ्यावर गुडघा टाकून बसला होता हातगुण. सलूनवाल्या काकांचा मेहुणा. केस पिवळट रंगवलेले, अंगात चकाकतं जाकीट, आणि उजवं बोट सतत वर, जणू ते खाली ठेवलं तर विझेल. हा ज्याच्या फोनवर बोट टेकवतो त्याची पेटी सोन्याची होते, अशी ख्याती पसरली होती. 'हातगुण चांगला' असं आजवर डॉक्टरांबद्दल ऐकलं होतं. आता पेट्यांनाही हातगुण लागू पडू लागला होता.

"बोला रे माझ्या मागे!" तो ओरडला, आणि पोरांनी ताल धरला:

"बोट माझं, दैव तुझं,
पेटीत बसलंय सोनं तुझं!
शंका असेल तर मागे जा,
भरवसा असेल तर ये राजा!"

एक सडपातळ पोरगा पुढे आला. त्याचा फोन टीव्हीला जोडला गेला. हातगुणने डोळे मिटले, श्वास ओढला, बोट टेकवलं. चाक फिरू लागलं: राखाडी, राखाडी, राखाडी, सोनेरी, राखाडी... आणि ऐन रंगात आख्ख्या भिंतभर अक्षरं उमटली: 'आई'. खाली हिरवं बटण, लाल बटण. पोराला घरून फोन आला होता. सलून हसून हसून कोसळलं. "आईंना पण सोनं हवंय वाटतं!" "उचल रे, विचार भाजी काय आणू!" पोरगा लाल होऊन फोन कापायला धडपडला. तोवर चाक थांबलं होतं. सोनेरीच्या बरोबर शेजारी.

"अर्रर्र! एका घराने हुकली!"

हातगुणने मान हलवली. "फोन आला ना मध्येच. लय तुटली. आता गप. फुसकीचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की सगळ्यांच्या पेट्यांना दृष्ट लागते. चल, पुढचा!"

पोरगा गप्प झाला. सगळेच गप्प झाले. हा तिथला नियमच होता, आणि तो पोरांनी इतका मनावर घेतला होता, की फुसकी निघाली की पोरगं ओठ आवळून मागे सरके, गर्दीत विरघळून जाई, आणि कुणी विचारलंच तर खांदे उडवी. आरशाच्या चौकटीला मात्र फोटो चिकटवलेले होते. सोनेरी मिळालेल्यांचे. दात काढून हसणारे, फोन उंच धरलेले. फुसकीचा फोटो कोण काढतो?

मग गर्दी निवू नये म्हणून हातगुणने स्वतःची पेटी फोडली. सोनेरी! दुसरी फोडली. सोनेरी! रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली.

माझं औषधांचं दुकान या सलूनच्या समोर. काउंटरच्या काचेतून मला हे रोज दिसत होतं. रोज मान हलवून मी पुन्हा औषधांच्या पट्ट्या लावायला वळत होते. त्या संध्याकाळी वळले नाही. त्या गर्दीत, खांबाला धरून, पाय एकसारखा हलवत उभा असलेला पोरगा माझ्या दादाचा होता.

त्याला सगळे गोली म्हणतात. आमच्या भागातल्या संघाचा तो गोलरक्षक. आणि ही सरावाची वेळ होती.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या दुकानात आला. कुणी गिऱ्हाईक नाही असं बघून आला.

"आत्या, हात थरथरतात त्यावर काही असतं का?"

"कुणाचे?"

"एका मित्राचे."

मी काउंटरवरून त्याच्या मित्राचा हात ओढून घेतला. तळवा घामेजलेला. अंगठ्याची कातडी घासून लाल झालेली. आणि ती थरथर. वाऱ्यात टांगलेल्या ओल्या कपड्यासारखी, थांबता थांबत नव्हती.

"झोपतोस कधी?"

"झोपतो की."

"सरावाला का जात नाहीस?"

"जाणारे. उद्यापासून."

"गोल्या."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. खोकल्याच्या बाटल्यांकडे बघत बोलला. "आत्या, तू कुणाला सांगणार नाहीस ना? बाबांना नाही ना सांगणार?"

मग हळूहळू बाहेर आलं ते असं. त्यांच्या संघाची एक जुनी रीत आहे: संघाची वर्गणी गोलरक्षकाकडे ठेवायची. ज्याच्या हातून चेंडू निसटत नाही त्याच्या हातून पैसाही निसटणार नाही, असा पोरांचा साधा हिशोब. कुणी वर्षानुवर्षं त्याला हरकत घेतली नव्हती. आता परगावची स्पर्धा आली होती. पोरांनी बससाठी पैसे जमवले. कुणी वर्तमानपत्रं टाकून, कुणी शिकवण्या घेऊन, कप्तानाने विजेच्या कामावर हाताखाली राबून. आणि ते सारे गोलीच्या फोनवरच्या खात्यात.

"किती गेले?"

"अर्धे."

"पेट्यांत?"

त्याने होकारार्थी मान हलवली. "पण आत्या, ऐक ना. हातगुणदादा म्हणाला, माझी पेटी आता पिकलीय. इतक्या गेल्या ना, म्हणजे आता येणारच. आज संध्याकाळी तो स्वतः बोट लावणारे. एक सोनेरी निघाला की मी खेळातलं माझं खातंच विकतो, घेणारा तयार आहे. सगळे परत. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"उरलेले अर्धे पण घालणार?"

"घालणार नाही. गुंतवणार."

हा शब्द त्याचा नव्हता. कुणीतरी त्याच्या तोंडात घातला होता.

"आणि नाही निघाला तर?"

"असं बोलू नकोस ना!" तो दचकून म्हणाला. दारापलीकडच्या सलूनकडे त्याने बघितलं, जणू माझा आवाज तिथल्या पेट्यांपर्यंत पोचला असेल. "नाव काढायचं नसतं."

मला त्याचा फोन हिसकावता आला असता. दादाला सांगता आलं असतं. दादाने आधी मारला असता आणि मग विचारलं असतं. पण हिसकावलेला फोन परत मिळतो, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या चमत्काराचं मोहोळ डोक्यात घोंघावतच राहतं.

"संध्याकाळी मी पण येते," मी म्हटलं.

"तू? कशाला?"

"मलाही बघू दे की हातगुण. आमच्या धंद्यात लागतो."

*

संध्याकाळी मी पांढरा कोट अंगावर तसाच ठेवून रस्ता ओलांडला. पोरांनी वाट दिली. "आत्या आल्या! आत्या, तुम्ही पण खेळता?" एकाने खुर्चीची दांडी रिकामी केली. मी हात धुण्याच्या बेसिनपाशी उभी राहिले. कालचे अर्ध्या दाढीचे गृहस्थ आज केस कापायला आले होते. निम्मे कापून झाले होते, आणि काकांची कात्री हवेत थांबली होती.

संघाचा कप्तान दाराशी होता. तो गोलीला शोधायलाच आला होता. "बसवाल्याला उद्या पैसे द्यायचेत रे," एवढंच म्हणाला, आणि गोलीने "हो हो" करत त्याची नजर चुकवली.

हातगुणने आज आधी स्वतःची पेटी घेतली. फोन उंच धरला. टीव्हीवर चाक दिसू लागलं. "डोळे मिटा! श्वास धरा! मनातल्या खेळाडूला हाक मारा!"

मी कोटाच्या खिशात हात घातला आणि हातगुणला फोन लावला. त्याचा नंबर माझ्याकडे होता. पोटात जळजळतं म्हणून तो माझ्याचकडून गोळ्या मागवायचा.

त्याच्या हातातला फोन खणखणून वाजायला लागला. त्याने दचकून तो कापला. मी पुन्हा लावला. पुन्हा वाजला.

टीव्हीवर मात्र काही फरक पडला नाही. चाक फिरत राहिलं, हळू झालं, थांबलं. सोनेरी! उजेडाचा पाऊस! निम्म्या पोरांनी आरोळी ठोकली, निम्म्यांच्या तोंडात ती अडकली.

अर्ध्या केसांचे गृहस्थ खुर्चीतून म्हणाले, "अहो, यांचा फोन वाजतोय ना? मग भिंतीवर नाव का नाही आलं? काल त्या पोराची आई तर हत्तीएवढी दिसली होती."

कुणी हसलं नाही. कप्तान विजेच्या कामातला. त्याने दोन पावलांत टीव्ही गाठला, पाठीमागे हात घातला, आणि अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह उपसला. उजेडाचा पाऊस थबकला. पडदा निळा झाला.

"हा फोन जोडलेलाच नाही," कप्तान म्हणाला. "ही फीत आहे. आधी काढून ठेवलेली."

"म्हणजे रोजचे सोनेरी..."

"सगळ्या पेट्यांतून निघालेले सोनेरी तेवढे जमवून ठेवायचे," मी म्हटलं, "फुसके काढून टाकायचे, आणि एकामागून एक लावायचे. मग बघणाऱ्याला वाटतं, याच्या घरी फुसकी येतच नाही."

खुर्च्या करकरल्या. हातगुण उठला. पण कसलेला होता. आवाज तसाच मधाळ.

"आत्या, तो नमुना असतो. दुकानात नमुना लावत नाही का? पण लोकांच्या फोनवर निघालेलं सोनं खोटं आहे का? हे फोटो खोटे आहेत का? आज या गोल्याची पेटी पिकलीय. सगळ्यांसमोर फोडतो. आण रे फोन!"

गोली पुढे सरकला. ओढल्यासारखा.

"फोड," मी म्हटलं, "पण आधी खेळात रोज एक फुकट मिळते ना, ती पेटी. विकतची नंतर."

गोलीचा फोन टीव्हीला जोडला. हातगुणने बोट चोळलं, डोळे मिटले, ओठ हलवले, बोट टेकवलं. चाक फिरू लागलं. राखाडी, राखाडी, सोनेरी...

"थांब," मी म्हटलं, आणि गोलीच्या हातातला फोन घेऊन सरळ बंद केला.

"अहो काय केलंत! लय तोडली!" हातगुण किंचाळला. "फिरत्या चाकात कुणी हात घालतं का! गेली पेटी! हवेत गेली!"

"गेली?"

"गेलीच!"

"बघू या."

फोन पुन्हा सुरू होईपर्यंतचा वेळ फार लांबला. कुणी नखं खात होतं, कुणी पायाने फरशी बडवत होतं. कात्री काकांच्या हातात उघडीच होती. खेळ उघडला. गोलीने संघाच्या यादीत बोट फिरवलं आणि थांबला.

"आलाय," तो म्हणाला. "नवा खेळाडू आलाय. राखाडी."

"चाक तर थांबलंच नव्हतं," कालचा तो सडपातळ पोरगा पुटपुटला.

"थांबायची गरजच नव्हती," मी म्हटलं. "तू बटण दाबलंस त्या क्षणाला निकाल लागला. कुठेतरी लांब, कंपनीच्या यंत्रात. चाक नंतर फिरतं. श्वास धरा, डोळे मिटा, आईचा फोन येऊ दे, नाही तर छप्पर उडू दे. चाकावर आत्ता जे फिरतंय ते घडून गेलेल्या गोष्टीचं नाटक आहे."

"मग ते सोनेरीच्या शेजारी येऊन थांबतं ते?"

"तेही नाटकातच लिहिलेलं. एका घराने हुकलं असं वाटलं की माणूस पुन्हा खेळतो. राखाडीच्या ढिगात खोल थांबलं असतं, तर घरी गेला असतास."

पोरगा स्वतःच्या फोनकडे बघत राहिला. कुणीतरी आपल्यालाच वेडावून दाखवल्यासारखा.

हातगुण आता माझ्याशी बोलत नव्हता, गर्दीशी बोलत होता. "बरं, बोटात काही नाही असं धरा! पण हा जुगार आहे का, सांगा! जुगारात हात रिकामा जातो. इथे दर वेळी काहीतरी मिळतंच! राखाडी का होईना, खेळाडू मिळतो! हे आश्चर्य आहे, आश्चर्य! आश्चर्याला बंदी घालणार?"

अर्ध्या केसांच्या गृहस्थांनी मान डोलावली. "तसं पाहिलं तर बरोबर आहे. कुणी बळजबरी करत नाही. पोरांनी आवरावं, आईबापांनी लक्ष ठेवावं."

"साहेब, तुम्ही ताप आला म्हणून माझ्या दुकानात आलात," मी म्हटलं. "पैसे आधी घेतले. मग डोळे मिटून फळीवरून हाताला येईल ती पट्टी तुमच्या हातात दिली. निघाली पायाच्या भेगांची. तुम्ही रागावलात, तर मी म्हणाले, काहीतरी मिळालं ना? घरी जा, आणि ताप उतरला नाही तर पुन्हा पैसे घेऊन या. चालेल?"

पोरं हसली. गृहस्थांचे निम्मे केस सोडून बाकीचं सगळं लाल झालं.

"माझ्याकडच्या प्रत्येक पट्टीवर आत काय आहे ते लिहिलेलं असतं, आणि लिहिलेलं नसेल तर माझ्या दुकानाला कुलूप लागतं. या पेटीवर कुठे लिहिलंय? गोल्या, शोध बरं."

गोलीने शोधलं. एका कोपऱ्यात मुंगीएवढं चिन्ह, त्यातून एक पान, त्या पानाच्या तळाशी आणखी एक. त्याने वाचलं: "सोनेरी: एक टक्क्याहून कमी."

"कमी म्हणजे किती?"

"तेवढं लिहिलेलं नाही."

"पण फोटो?" मागून कुणी ओरडलं. "एवढ्यांना मिळालंय ते?"

"मिळालंच असणार. एवढ्या पेट्या फुटतात, कुणाला तरी मिळायचंच. आता मला दुसरं सांगा." मी गर्दीकडे वळले. "ज्यांच्या पेट्या फुसक्या निघाल्या त्यांनी हात वर करा."

एकही हात हलला नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की फक्त आपलंच नशीब असं सडकं, बाकी सारे सोन्यात न्हालेत.

"आत्या, नाव काढू नका," हातगुण दबलेल्या आवाजात म्हणाला. आता तो खरंच घाबरला होता. "एवढं ऐका माझं."

आणि गोलीचा हात वर गेला. तो थरथरणारा हात. गोलात उभा राहून उंच चेंडूला जातो तसा नव्हे. कोपरातून वाकलेला, अर्धा.

"माझ्या फुसक्या," तो म्हणाला. "सगळ्या. एकपण सोनेरी नाही. कधीच नाही."

"माझ्या पण," सडपातळ पोरगा.

"माझ्या पण." "माझी काल, परवा..." "मी बहिणीच्या फोनवरून घेतल्या, त्यापण."

कप्तानाने दाराच्या चौकटीला टेकून डोळे मिटले. "मी त्या पैशांत नवे बूट घेणार होतो," तो म्हणाला, आणि हात वर केला.

खुर्चीतून, पांढऱ्या कपड्याखालून, अर्ध्या केसांच्या गृहस्थांचाही हात हळूच बाहेर आला. "पोरीच्या फोनवर," ते म्हणाले. "ती शाळेत गेली की."

हात वर हात उगवत गेले. आरशांत तर दुप्पट. चौकटीला चिकटलेले हसरे फोटो त्या हातांच्या रानात दिसेनासे झाले. एकमेकांकडे बघून पोरं आधी दचकली, मग एक जण हसला, मग बरेच. किती दिवसांनी कुणीतरी कुणाला म्हणत होतं, "तू पण?"

गोली हसत नव्हता.

"कप्तान," तो म्हणाला. "मी... बसचे पैसे घातलेत."

हशा जागच्या जागी मेला. कप्तान चौकट सोडून पुढे आला. त्याने गोलीची कॉलर धरली. मी पाऊल उचललं, पण काकांनी हाताने थांबवलं. "आमचे?" एवढंच त्याने विचारलं. "आमचे, गोल्या?"

"अर्धे. अर्धे आहेत अजून."

कॉलर सुटली. "आत्ताच्या आत्ता माझ्याकडे पाठव."

गोलीने फोन उचलला. पडद्यावर खेळ उघडाच होता. आणि तेवढ्यात तिथे एक नवी पेटी उगवली, लाल फितीची, मिणमिणणारी: 'फक्त तुमच्यासाठी. थोडाच वेळ.'

"वेडा आहेस का!" हातगुण पुढे झुकला. "बघ, तुझ्यासाठीच आलीय! एवढ्या फुसक्यांनंतर आता ही भरलेलीच असणार! पैसे दिलेस तर काय राहिलं तुझ्याकडे? एकदा फोड, सगळे सोडव, मग सोड!"

गोलीचा अंगठा पडद्यावर अधांतरी थांबला. मी फोन ओढला नाही. माझेच हात खिशात घट्ट आवळून धरले होते.

"आत्या," तो न बघता म्हणाला, "पण ही खरंच भरलेली असली तर?"

"असेल. नसेलही. बाळा, त्या पेटीला तुझी आठवण नाही. तुझ्या आधीच्या फुसक्या तिला माहीत नाहीत. तू किती रडलास, किती जागलास, कुणाचे पैसे घातलेस, काही म्हणजे काही नाही. ती दर वेळी तुला पहिल्यांदाच भेटते. आणि दर वेळी एक टक्क्याहून कमी घेऊनच भेटते."

अंगठा हलला. खेळ बंद झाला. मग बराच वेळ तो आकडे दाबत राहिला, चुकत राहिला, पुन्हा दाबत राहिला. कप्तानाचा फोन एकदा वाजला. त्याने बघितला आणि खिशात ठेवला.

"बस नाही परवडणार," कप्तान म्हणाला. "दोन गाड्या बदलून जाऊ. तू येशील. गोलात उभा करायचा की नाही, ते सगळे मिळून ठरवू."

*

गर्दी पांगली. काकांनी उरलेले केस कापायला घेतले. हातगुण पायरीवर बसला होता. जाकीट काढून मांडीवर घेतलेलं. मी बाहेर पडताना त्याने मला थांबवलं.

"आत्या, पोलिसात देणार?"

"तू काय कमावतोस यातून?"

"माझ्या नावाचा कोड टाकून पेटी घेतली की कंपनी मला थोडं देते. भरलेली निघो, फुसकी निघो." तो पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत होता. "त्या पैशांच्या मी पेट्या घेतो."

"काय?"

"मीपण फोडतो, आत्या. घरी. सगळे झोपले की. फितीतले सोनेरी निम्मे माझे नाहीतच, इकडून-तिकडून उचललेत. मला एकदाच आला होता. पहिल्याच आठवड्यात. तेव्हापासून वाटतं, आता परत येईल."

त्याचं पोट का जळतं ते मला त्या क्षणी कळलं. ज्याला आम्ही भगत समजत होतो, तोही झपाटलेलाच होता. खरा मांत्रिक या गल्लीत कधी आलाच नव्हता. त्याला यायची गरज नव्हती. तो प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसला होता. हातगुणसाठी मी त्याच पायरीवर बसून, असल्या नादातून माणसाला बाहेर काढणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि तो त्याच्या कानाशी दिला. "नाव काय सांगू?" त्याने विचारलं. "खरं सांग," मी म्हटलं.

दादाला गोलीने स्वतः सांगितलं. मी शेजारी बसले होते, म्हणून हात उचलला गेला नाही. शब्द मात्र पुष्कळ उचलले गेले. पोरांनी गोलीला सरावाला घेतलं. पहिला चेंडू त्याच्या हातांतून निसटला आणि जाळ्यात गेला. कुणी काही बोललं नाही. तो वाकला, चेंडू उचलला, आणि परत मारला. मधूनच त्याचा हात खिशाकडे जाई. खिशात काही नसे. हात घुटमळून परत येई. हे अजून चालू आहे, आणि बराच काळ चालेल.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरातलं कुणी पोर, कुणी मोठं माणूस फोनपुढे श्वास धरून बसलेलं दिसलं, तर हसू नका आणि मारू नका. शेजारी बसा. विचारा: आत काय आहे ते विकणाऱ्याने आधी सांगितलं का? मिळण्याची शक्यता किती, हे ठळक अक्षरांत लिहिलंय का? आजवर किती वेळा काहीच मिळालं नाही? हे शेवटचं उत्तर त्याला मोठ्याने देऊ द्या, लाज न धरता, चार माणसांत. आणि मोठ्या माणसांनी राज्य चालवणाऱ्या कारभाऱ्यांना विचारावं, की औषधाच्या पट्टीला जो नियम आहे तो पोरांच्या खेळण्याला का नाही. आपल्याला डोकं दिलंय ते चाकाबरोबर गरगरायला नाही. चाक कोण फिरवतंय, ते बघायला आहे.